‘खात्यापित्या घरचं अंग’ म्हणून सोडून देऊ नका



पावसाळा तोंडावर आला की आमच्या कुरुंदवाडच्या वस्त्यांत दोनच विषय असतात. कृष्णा-पंचगंगेचं पाणी यंदा कुठवर येणार, आणि ताप-खोकल्याची साथ कुठल्या गल्लीतून सुरू होणार. पाण्याची तयारी आपण करतो. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो, धान्य माळ्यावर चढवतो, म्हातारी माणसं कुणाकडं पाठवायची ते ठरवतो. साथीची तयारी मात्र कुणी करत नाही. ताप आला की बघू, असं म्हणून आपण मोकळे होतो.

या तयारीतल्या एका गोष्टीबद्दल आज बोलायचं आहे. तिच्याबद्दल आपल्या वस्तीत एकतर चेष्टा होते, नाहीतर कौतुक. ती गोष्ट म्हणजे वाढलेलं वजन. बाईचं अंग सुटलं की ‘खात्यापित्या घरची दिसतीया’ म्हणतात, पोराचं पोट सुटलं की ‘बाळसं धरलंय’ म्हणतात, आणि कुणी जास्तच जाड झालं की ‘ढोल्या’ म्हणून हाक मारतात. या तिन्ही बोलण्यांत आरोग्याचा विचार नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. विषाणूच्या तापात जादा वजनाचा माणूस हा म्हातारं माणूस, गरोदर बाई आणि दमेकरी यांच्याइतकाच जपायचा माणूस आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत. आणि ‘अंगानं धडधाकट आहे, त्याला काय होतंय’ म्हणून दवाखान्याच्या रांगेत शेवटीही ठेवायचं नाही.

कोरोनानं काय दाखवलं

माणगाव परिषदेला शंभर वर्षं पूर्ण झाली तो दिवस आठवा. २२ मार्च २०२०. त्याच दिवशी जनता कर्फ्यू लागला आणि मग पुढची दोन वर्षं आपण काय काय पाहिलं ते सांगायला नको. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतर ठिकाणी दुसरी लाट ओसरत होती, पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले आकडे खाली यायला तयार नव्हते. त्यातच जुलैच्या अखेरीस महापूर आला. शिरोळ तालुक्यातली माणसं घरं सोडून शाळांत, नातेवाइकांकडे जाऊन राहिली. एका वर्गखोलीत चार-चार कुटुंबं, आणि बाहेर कोरोना.

त्या काळात ‘चांगला धडधाकट माणूस होता, आठ दिवसांत गेला’ असं वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू यायचं. धडधाकट म्हणजे काय, तर अंगानं भरलेला. त्याला साखर आहे का, रक्तदाब आहे का, हे घरात कुणाला माहीत नसायचं, कारण कधी तपासलंच नव्हतं.

जगभरातल्या डॉक्टरांनी त्या वर्षी हेच पाहिलं. बॅरी पॉपकिन या अमेरिकी संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पंच्याहत्तर अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. लठ्ठपणा नसलेल्यांच्या तुलनेत लठ्ठ माणसांत कोरोनाची लागण सापडण्याची शक्यता सुमारे दीडपट होती. दवाखान्यात दाखल करावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त, अतिदक्षता विभागात न्यावं लागण्याची पावणेदोनपट आणि दगावण्याची जवळजवळ दीडपट. यातला लागणीचा आकडा जरा सांभाळून घ्यावा, कारण त्या वेळी तपासणी जास्त करून आजारी पडलेल्यांचीच होत होती. पण लागण झाल्यावर आजार जड जातो, याबद्दल शंका राहिली नाही.

हे कोरोनाचंच वैशिष्ट्य नाही. २००९ मध्ये स्वाईन फ्लू आला, पुण्यात शाळा बंद झाल्या, तेव्हाही जगभर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात लक्षात आली होती. तो विषाणू गेलेला नाही. दरवर्षी पावसाळ्यात आणि थंडीत तो साध्या फ्लूसारखा फिरतो. म्हणून हा विषय कोरोनाबरोबर संपला असं समजू नका.

अंगात नेमकं काय होतं

चरबी म्हणजे अंगावर चढवलेला नुसता थर, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पोटाच्या आतली चरबी सतत काही रसायनं रक्तात सोडत असते. त्यामुळे अंगात कायम बारीक धुमसणारी सूज राहते. शरीराची लढाऊ फौज त्या सुजेतच गुंतून पडते. खरा विषाणू येतो तेव्हा ती उशिरा जागी होते, आणि जागी झाली की कधीकधी इतका आरडाओरडा करते की आपल्याच फुप्फुसांना इजा होते.

दुसरी गोष्ट श्वासाची. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की फुप्फुसात हवा भरते. पोट मोठं असेल तर तो नीट खाली सरकत नाही. उताणं झोपल्यावर तर जास्तच अडतो. कोरोनात रुग्णांना पालथं झोपवायचे ते तुम्हाला आठवत असेल. फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा पोचावी म्हणून ते केलं जायचं. सुटलेल्या पोटाच्या माणसाच्या श्वासाची शिल्लक आधीच कमी असते, त्यामुळे न्यूमोनिया झाला की ती लवकर संपते.

तिसरी गोष्ट सोबत्यांची. वाढलेल्या पोटाबरोबर साखर आणि रक्तदाब येतात, आणि ते गुपचूप येतात. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहानं किती छळलं, हे आपण सगळे जाणतो. ज्या आजारानं एवढ्या मोठ्या माणसाला सोडलं नाही, त्याची साधी तपासणी करायला आपण का लाजतो?

चौथी गोष्ट आपल्या एका खोलीच्या घरांसाठी महत्त्वाची आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा गरीब देश आहे. तिथल्या मानाग्वा शहरात २०१५ ते २०१७ या काळात घराघरांत फ्लूचा माग ठेवला गेला. फ्लूची लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या अंगातून इन्फ्लुएन्झा ‘ए’चा विषाणू इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत होता. म्हणजे ताप उतरला तरी त्या माणसानं तोंडावर रुमाल चार दिवस जास्त ठेवायला हवा, आणि तान्ह्या पोराला दुसऱ्या कुणाकडं द्यायला हवं. यात त्याचा दोष काही नाही. ही फक्त घराची काळजी आहे.

हा श्रीमंतांचा आजार नाही

‘बाई, आमच्याकडं कुठलं आलंय जाडपण, ते बंगल्यातल्या लोकांचं,’ असं आम्हाला बैठकांत ऐकवलं जातं. आपल्या वस्तीचं आरोग्य म्हटलं की क्षयरोग, पंडुरोग आणि कुपोषण एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते आजार आहेतच. पण २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास चारातल्या एका प्रौढ बाईचं वजन जास्त निघालं, पुरुषांचंही तसंच. आणि त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे एकाच बाईचं पोट सुटलेलं आणि नखं पांढरी, असं होऊ शकतं. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही.

याची मुळं आपल्या मागच्या पिढ्यांच्या उपासमारीत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर भरायची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहान आणि रोड, पण त्यांच्या अंगातली चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. आईच्या पोटात अन्न कमी मिळालं की बाळाचं शरीर काटकसरीनं बांधलं जातं आणि मिळेल ते साठवायला शिकतं. अशा शरीराला पुढे भात, साखर, तेल सहज मिळू लागलं की साठा पोटावर दिसतो.

बाहत्तरच्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन जगलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. त्यांच्या लेकी-नातींच्या कंबरेवर आज जे दिसतं, त्यात त्या भुकेचाही वाटा असू शकतो. म्हणून ‘आळशी आहे, बसून खाते’ हा शेरा आम्हाला मान्य नाही. पहाटे उठून पाणी भरणारी, चार घरची भांडी घासणारी, उसाच्या फडात खुरपायला जाणारी बाई आळशी नसते. आणि ‘ऑपरेशन केलं म्हणून अंग सुटलं’ हेही खरं नाही. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेनं चरबी वाढत नाही. वाढत्या वयाबरोबर आणि बदललेल्या खाण्याबरोबर ती वाढते.

ताटात काय आहे ते बघा

रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट मिळतो. त्यानं भूक हटली, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्यात डाळ नाही, तेव्हा ताटात भाताचा डोंगर आणि आमटीचं पाणी, असं चित्र होतं. २०२२ च्या दिवाळीपासून काही सणांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला. त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. चारातली चणाडाळ तेवढी अंग बांधणारी. आपण हात पसरून घेतो ते काय घेतो, याचा विचार करून मागणी करायला हवी. साखरेऐवजी तूरडाळ, शेंगदाणे, अंडी द्या, असं आपण का म्हणू नये?

आपल्या भागाला ऊस आणि साखर जवळची. चहात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दिवसात पाच चहा झाले तर पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. म्हणजे नुसत्या चहातच दुप्पट झालं, बिस्किटं आणि पोरांची पाकिटं अजून मोजलीच नाहीत. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही. कष्टाच्या माणसाचा तोच एक विसावा आहे. पण पाचाचे तीन करा आणि दोन चमच्यांचा एक करा.

खर्च न वाढवता आणखी काय करता येईल? भाताचा एक डाव कमी आणि जोंधळ्याची भाकरी एक जास्त. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, हरभऱ्याची, अंबाडीची, शेपूची भाजी. आठवड्यातून तीन-चार अंडी. सुकट परवडत असेल तर तीही. रोजच्या भडंग-फरसाणाऐवजी भाजके फुटाणे. पाच जणांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल पुरे. त्याहून जास्त संपत असेल तर कढईकडं लक्ष द्या. बुद्धपौर्णिमेची खीर जरूर खा. सणाच्या खिरीनं वजन वाढत नाही, रोजच्या सवयीनं वाढतं.

एक इशारा देऊन ठेवतो. वजन झटपट उतरवणाऱ्या पावडरी आणि डबे विकणारे लोक आता वस्तीतही येऊ लागले आहेत. महिन्याला दोन-तीन हजारांचा डबा घेण्याऐवजी त्या पैशाची डाळ आणि अंडी घरात आणा, सगळं घर खाईल. उपाशी राहून वजन उतरवू नका. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपोसथाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

तथागतांनी राजाला काय सांगितलं

संयुत्त निकायात कोसल देशाच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. राजा भरपूर जेवायचा. एकदा असाच पोटभर जेवून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याची चेष्टा केली नाही, त्याला कडक उपासही सांगितला नाही. जेवताना मात्रा ओळखणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि आयुष्य टिकतं, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणत जा असं सांगितलं. राजाचं जेवण हळूहळू कमी होत मापावर आलं आणि अंग हलकं झालं.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, सगळं हळूहळू झालं. अडुसष्ट किलोच्या बाईनं वर्षभरात साडेतीन किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. दुसरी, राजालाही आठवण करून देणारा सोबती लागला. मग दिवसभर राबणाऱ्या बाईला तो लागणार नाही का? घरातल्या एकट्या बाईनं कमी खायचं आणि बाकीच्यांसाठी तेच तळण करत बसायचं, याला मात्रा म्हणत नाहीत. बदल सगळ्या घराच्या ताटात व्हायला हवा.

टेप आणि काटा

आता मापं सांगतो, कापून भिंतीला लावा.

शिलाईचा टेप घ्या. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

वजनाचा हिशेब उंचीवर असतो. दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फुटाला एक इंच कमी, उंचीच्या माणसाचं वजन ५२ किलोच्या आसपास असेपर्यंत ठीक. ५६ च्या पुढे गेलं की आपल्या देशातल्या मापानं तो लठ्ठपणा धरतात. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला हेच आकडे ६३ आणि ६८. परदेशी तक्त्यापेक्षा हे आकडे कमी आहेत, कारण आपल्या लोकांत कमी वजनावरच साखर सुरू होते.

ताप-खोकला आला आणि तुमची कंबर या मापाच्या वर आहे, तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात जा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. मेडिकलमधून गोळी आणून पाच दिवस वाट बघू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ‘माझं वजन जास्त आहे, साखर आहे.’ चालताना दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, तर रात्र असली तरी थांबू नका.

लस घ्या. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. सरकारी दवाखान्यात ती कुणाला मिळते ते विचारा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात असं दिसलं की लस घेऊनही लठ्ठ माणसांत फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण नेमक्या वजनाच्या माणसांपेक्षा दुप्पट होतं. याचा अर्थ लस फुकट जाते असा नाही. लस घेतली तरी रुमाल, हात धुणं आणि लवकर दवाखाना सोडायचा नाही, असा आहे.

बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. अंगात रक्त कमी असलेला, क्षयातून उठलेला माणूसही तितकाच जपायचा असतो.

आमची मागणी

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्याला सीबॅक म्हणतात. त्यात कंबरेच्या मापाला गुण आहेत, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी व्हायला हवी. हा फॉर्म दारात उभं राहून अंदाजानं भरू देऊ नका. ‘ताई, टेप लावा’ म्हणा. आशाताईंना टेप मिळाला नसेल तर आपण मिळून नगरपरिषदेकडे आणि आरोग्य खात्याकडे मागू. त्यांच्यावर कामाचा बोजा किती आहे हे आम्ही जाणतो, म्हणून भांडण त्यांच्याशी नाही.

दुसरी मागणी जागेची. बाईनं चालावं असं सगळे सांगतात, पण कुठं चालावं? वस्तीत दिव्याची सोय नसलेल्या रस्त्यावर संध्याकाळी कोणती सून अर्धा तास चालेल? शाळेचं मैदान संध्याकाळी सहा ते आठ बायकांसाठी उघडं ठेवा आणि दिवे लावा, एवढं नगरपरिषदेनं केलं तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट सरकारकडं मागायची नाही, आपणच करायची आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. साथीचेही नेमके हेच महिने. विहारात एक वजनकाटा, एक टेप, एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक ऑक्सिजन मोजायचं यंत्र वर्गणीतून ठेवा. महिन्यातून एका रविवारी वाचनाच्या आधी सगळ्यांची मापं वहीत लिहा. वही महिला मंडळाकडे राहू द्या, आकडे मोठ्यानं वाचू नका. कुणाच्या घरी जादा वजनाचं, साखरेचं, वयाचं माणूस आहे, हे त्या वहीवरून कळेल. पुराचं पाणी चढू लागलं आणि शाळेत जायची वेळ आली, तर अशा माणसाला खिडकीजवळची जागा द्या. त्याच्या गोळ्या कागदपत्रांच्याच पिशवीत बांधा. साथीत रोज सकाळी कुणीतरी त्याच्या दारात जाऊन ‘दम लागतोय का?’ एवढं विचारा.

एका जयंतीच्या मांडवाच्या खर्चात ही चारही यंत्रं येतात आणि वर पैसे उरतात. यंदाच्या बैठकीत हा विषय मांडा. आम्हाला बोलावलं तर कंबर कशी मोजायची आणि वही कशी ठेवायची, हे शिकवायला आम्ही कुठल्याही वस्तीत येऊ.

जय भीम.